गाडीचे अ‍ॅव्हरेज वाढवायचे असेल, तर आधी ब्रेककडे लक्ष द्यावे

पंपावर टाकी भरून झाली, आकडेमोड केली आणि मागच्या खेपेपेक्षा अ‍ॅव्हरेज घटल्याचे लक्षात आले, की आपला पहिला संशय गाडीवर जातो, दुसरा पेट्रोलवर आणि तिसरा सर्व्हिसिंग करणाऱ्या मेकॅनिकवर. या तिघांचाही थोडाफार वाटा असू शकतो. परंतु गाडी तीच, रस्ता तोच आणि पेट्रोलही तेच असताना दोन चालकांना मिळणाऱ्या अ‍ॅव्हरेजमध्ये लिटरमागे दोन-तीन किलोमीटरचा फरक सहज पडू शकतो, हे ज्या घरात एकच गाडी दोघे चालवतात तेथे कोणालाही पडताळून पाहता येईल. हा फरक पायाचा असतो, आणि माझ्या मते तो अ‍ॅक्सिलरेटरवरच्या पायापेक्षा ब्रेकवरच्या पायाचा अधिक असतो.

ब्रेक दाबल्याने पेट्रोल जळत नाही, मग त्याचा इंधनाशी संबंध काय, असे कोणी विचारेल. संबंध असा, की गाडीला वेग देण्यासाठी लागणारे पेट्रोल आपण आधीच जाळलेले असते. ब्रेक दाबतो तेव्हा त्या वेगाची उष्णता होऊन ती चाकांपाशी हवेत निघून जाते. माणसांसह ११०० किलो वजनाची छोटी मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या अंगी सुमारे १०६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असली, तरी शहरातील चालीत इंजिन तिचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भाग चाकांपर्यंत पोहोचवते. हा हिशेब मांडला तर ५० च्या वेगावरून गाडी पूर्ण थांबवून पुन्हा त्याच वेगाला आणायला १३ ते १५ मिलिलिटर पेट्रोल लागते. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे मापाचे छोटे टोपण असते, ते काठोकाठ भरावे एवढे हे पेट्रोल. आजच्या भावाने त्याची किंमत दीड रुपयाच्या आसपास होते. कार्यालयात जाता-येता असे चाळीस वेळा थांबावे लागले, तर अर्ध्या लिटरहून अधिक पेट्रोल केवळ ब्रेक तापवण्यात गेले. हे टोपण डोळ्यांसमोर ठेवले, की पुढील बहुतेक सवयी आपोआप समजतात.

आधी मोजमाप

सवय बदलल्याचा उपयोग होतो आहे की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा थोडा उदार असतो. खात्रीची पद्धत जुनीच आहे. एकाच पंपावर, शक्यतो एकाच नोझलवर टाकी फुल करावी, नोझल आपोआप बंद पडले की तेथेच थांबावे आणि ‘अजून थोडे बसेल’ म्हणून वरून भरू नये. त्या वेळचे किलोमीटर लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी पुन्हा त्याच रीतीने टाकी फुल करून गेलेले किलोमीटर भरलेल्या लिटरनी भागावेत. ४१२ किलोमीटर झाले आणि २४.५ लिटर पेट्रोल बसले, तर अ‍ॅव्हरेज १६.८ आले. एका टाकीवरून मात्र निष्कर्ष काढू नये. सलग तीन टाक्यांची सरासरी धरावी. माझ्या गाडीच्या कप्प्यात यासाठी एक लहान वही आणि पेन्सिल असते. पेन्सिल अशासाठी, की उन्हाळ्यात बंद गाडीत बॉलपेनची शाई गळते.

तुलना कशाशी करायची, हेही नीट ठरवले पाहिजे. गाडी घेताना जो आकडा सांगितला जातो तो ‘एआरएआय’चा, म्हणजे पुण्यात कोथरूडच्या बाजूला टेकडीवर जी वाहन संशोधन संस्था आहे तिच्यासारख्या मान्यताप्राप्त ठिकाणच्या चाचणीचा असतो. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडीची चाके गोल रोलरवर फिरवून, ठरवून दिलेल्या वेगाच्या आराखड्यानुसार ती घेतली जाते, आणि त्या आराखड्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर इतकाच असतो. त्यात खड्डे नसतात, चढ नसतो, अचानक आडवी येणारी रिक्षाही नसते. तो आकडा दोन गाड्यांची आपसांत तुलना करण्यासाठी चांगला आहे; आपल्या रोजच्या वापरात तो मिळत नाही म्हणून फसवणूक झाली असे समजण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट इथेनॉलची. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे मिश्रणाच्या लिटरभर ऊर्जेत सहा-सात टक्क्यांची तूट येते. पाच वर्षांपूर्वीच्या वहीतला आकडा आज त्याच गाडीकडून मिळावा अशी अपेक्षा म्हणून धरू नये. तुलना गेल्या काही महिन्यांतील स्वतःच्याच आकड्यांशी करावी.

शहरात: नजर लांब, पाय हलका

शहरातील इंधनबचतीचे मुख्य साधन म्हणजे डोळे. बहुतेक चालक पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे पाहत गाडी चालवतात. ते दिवे लागले की आपणही ब्रेक लावायचा, असा प्रकार असतो. त्याऐवजी नजर पुढच्या तीन-चार गाड्यांच्या पलीकडे ठेवावी. थांब्यावर बस उभी राहते आहे का, डाव्या गल्लीतून दुचाकी डोकावते आहे का, गतिरोधक आला का, सिग्नलचा रंग कोणता आहे, हे शे-दीडशे मीटर आधी दिसले, तर ब्रेकऐवजी नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडून काम भागते. पुढच्या गाडीपासून दोन-तीन सेकंदांचे अंतर राखले, तर तिच्या प्रत्येक लहानसहान ब्रेकला आपल्याला उत्तर द्यावे लागत नाही. त्या मोकळ्या जागेत कोणीतरी घुसेल, ही तक्रार खरी आहे. घुसू द्यावे, पुन्हा थोडे मागे राहावे. दिवसभरात असे दहा जण घुसले तरी आपले मिनिटसुद्धा जात नाही.

पुण्यात अनेक सिग्नलांवर सेकंद दाखवणारे आकडे असतात आणि त्यांचा जितका उपयोग करून घ्यावा तितका आपण घेत नाही. समजा, आपण चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाने येत आहोत, सिग्नल तीनशे मीटरवर आहे, लाल आहे आणि आकडा ३० दाखवतो आहे. याच वेगाने गेलो तर २२ सेकंदांत तेथे पोहोचू, ब्रेक लावून आठ-दहा सेकंद उभे राहू आणि मग पहिल्या गिअरपासून सुरुवात करू. त्याऐवजी येथेच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, गाडी गिअरमध्येच ठेवली, वेग हळूहळू ३० पर्यंत उतरू दिला आणि गरज पडली तर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घेतली, तर पुढची रांग हलत असतानाच आपण तिच्या शेपटीशी पोहोचतो. ५० च्या वेगातील ऊर्जेचा एक तृतीयांशाहून जास्त भाग ३० च्या वेगात शिल्लक असतो, म्हणजे टोपणातले तेवढे पेट्रोल पुन्हा घालावे लागत नाही. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यापासूनचा बराचसा काळ इंजिन पेट्रोल घेतच नाही. ते का, हे पुढे घाटाच्या संदर्भात सविस्तर येईल.

ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, ही गोष्ट दोन सिग्नलांमधील अंतरात फार महागात पडते. पुढचा सिग्नल लाल असणार हे माहीत असतानाही ५० ऐवजी ७० चा वेग घेतला, तर एका टोपणाची दोन टोपणे होतात, आणि ती दोन्ही चारशे मीटरवर ब्रेकमध्ये ओतावी लागतात.

वेग घेण्याबाबत एक गैरसमज आहे. पाय अगदी अलगद ठेवून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत वेग घेतला की पेट्रोल वाचते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्या जास्त होतात आणि त्याच कामासाठी जास्त इंधन लागते. पहिला गिअर गाडी जागची हलवण्यापुरता ठेवावा, त्यानंतर माफक पण निश्चित जोर देऊन पेट्रोल गाडीत इंजिनाच्या मिनिटाला साधारण २००० ते २५०० फेऱ्यांना आणि डिझेलमध्ये त्याहून थोडे आधी गिअर वर टाकावा. उलट टोकही टाळावे: चौथ्या गिअरमध्ये २५ च्या वेगाने जाताना गाडी धक्के देऊ लागली, इंजिन गदगदू लागले, तर ते इंजिनाला सोसत नाही आणि पेट्रोलही वाचत नाही. गाडीचा आवाज ऐकून गिअर बदलण्याची सवय असलेल्या चालकाला टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा, पाहावाच लागत नाही.

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले तर छोटी पेट्रोल गाडी मिनिटाला जवळजवळ तेच टोपणभर पेट्रोल पिते, आणि एसी चालू असेल तर त्याहून जास्त. इंजिन पुन्हा सुरू करायला लागणारे पेट्रोल दहाएक सेकंदांच्या खपाइतकेच असते. म्हणून अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचे नक्की असेल तर इंजिन बंद करावे. बॅटरी जुनी झाली असेल किंवा रांग क्षणोक्षणी पुढे सरकत असेल, तर मात्र हा आग्रह धरू नये. खरी मोठी उधळपट्टी सिग्नलवर होत नाही. ती होते कोणाची तरी वाट पाहताना. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर पंधरा-वीस मिनिटे इंजिन आणि एसी चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग मी रोज पाहतो. लिटरभर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि त्याच्याबरोबर निघणारा इतर धूर त्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या नाकाच्या उंचीवरच असतो. तेथे तरी गाडी बंद करून झाडाखाली उभे राहावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

क्लचवर पाय टेकवून गाडी चालवणे आणि चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणे या दोन्ही सवयी पेट्रोल आणि क्लचप्लेट अशा दोन्ही अंगांनी नुकसान करतात. चढावर थांबताना हँडब्रेक ओढावा.

घाटात: न्यूट्रलचा मोह सोडावा

आमच्या घरातील जुन्या गाडीला कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग, होता आणि माझे वडील घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडत. एकदा पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना शेवटच्या वळणांवर गाडीत जळका वास येऊ लागला. वडिलांना ब्रेक नेहमीपेक्षा खूप खोल दाबावा लागत होता. खाली सपाटीवर गाडी थांबवली, तेव्हा पुढच्या चाकापाशी हात नेताच आच जाणवली. अर्धा तास आम्ही रस्त्याकडेला बसून होतो. त्या वेळी वडिलांना वाटत होते, आणि आजही हजारो चालकांना वाटते, की उतारावर न्यूट्रल म्हणजे बचत.

कार्ब्युरेटरच्या काळात या समजुतीत थोडे तथ्य होते, कारण गिअरमध्ये उतरतानाही फिरते इंजिन कार्ब्युरेटरमधून थोडे पेट्रोल ओढतच असे. सन २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नवे नियम आले, गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ अशी अक्षरे दिसू लागली आणि पेट्रोल सोडण्याचे काम संगणकाकडे गेले. अशा गाडीत गिअर पडलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला, तर इंजिनाला चाकेच फिरवत आहेत हे संगणकाला कळते आणि तो पेट्रोल पूर्णपणे बंद करतो. फेऱ्या साधारण १००० ते १५०० च्या खाली आल्या, की इंजिन बंद पडू नये म्हणून तो पुन्हा पेट्रोल सोडू लागतो. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन जिवंत ठेवण्यासाठी पेट्रोल सोडावेच लागते. म्हणजे उतारावर गिअरमध्ये खप शून्य आणि न्यूट्रलमध्ये मिनिटाला टोपणभर. ज्या गाड्यांत तत्क्षणीचे अ‍ॅव्हरेज दाखवणारी पट्टी असते, त्यांत हे डोळ्यांनी पाहता येते: उतारावर पाय काढताच पट्टी शेवटच्या टोकाला जाऊन भिडते.

पैशांहून महत्त्वाचा प्रश्न अर्थातच जिवाचा आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आवर नाहीसा होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होते. पुण्यात नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर ज्या भीषण धडका झाल्या आहेत, त्यांच्यामागे वाहन न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून सोडणे हे कारण वारंवार पुढे आले आहे. चार पैसे वाचवण्याच्या ज्या सवयीने पैसेही वाचत नाहीत, ती सवय आपल्या रस्त्यांवर अजून टिकून आहे याचे मला फार वाईट वाटते.

तेव्हा घाट उतरताना अशी रीत ठेवावी. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्यावा. ज्या गिअरमध्ये हा घाट चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे. अ‍ॅक्सिलरेटर सोडून द्यावा आणि इंजिनाला गाडी रोखून धरू द्यावी. वेग वाढतो आहे असे वाटले तर ब्रेक सतत टेकवून न ठेवता एकदा नीट दाबून वेग कमी करावा आणि सोडून द्यावा. ऑटोमॅटिक गाडीत ‘डी’वरून ‘एन’वर जाऊ नये, खालचा गिअर धरून ठेवणारी जी सोय असेल, म्हणजे ‘एल’, ‘एस’ किंवा हाताने गिअर बदलण्याची पद्धत, ती वापरावी.

चढताना हिशेब उलटा असतो. खोपोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटरवर आहे आणि लोणावळा सुमारे ६२० मीटरवर. चौघांसह १३०० किलोची गाडी एवढी उंची चढवायला केवळ उंचीपोटी पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. ते कोणत्याही युक्तीने टळत नाही. आपल्या हातात एवढेच, की ते वाया जाऊ द्यायचे नाही. चढावर ट्रकच्या अगदी मागे चिकटून, मग ब्रेक लावून, मग पुन्हा जोर देऊन जाण्यापेक्षा अंतर राखून एका चालीने चढावे. गाडी ओढत नाही असे वाटताच गिअर खाली घ्यावा. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरू नये. आणि माथ्याच्या थोडे आधीच पाय हलका करावा, कारण माथ्यावर घेतलेला जास्तीचा वेग पलीकडच्या उतारावर ब्रेकमध्येच जाणार असतो.

मोकळ्या महामार्गावर

येथे ब्रेकची जागा हवा घेते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो ५६ टक्क्यांनी वाढतो आणि ९० ऐवजी १२० ने गेल्यास ७८ टक्क्यांनी. एकूण खप तितक्या प्रमाणात वाढत नाही, कारण टायरचा विरोध फारसा बदलत नाही. तरी वाढ लक्षणीय असते.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तेथे सपाटीवर मोटारींना ताशी १२० ची कमाल मर्यादा आहे, आणि कमाल मर्यादा म्हणजे जणू आज्ञाच, असे समजून बहुतेक जण गाडी चालवतात. १२० च्या वेगाने हे अंतर ४ तास २० मिनिटांत कापले जाते, ९० च्या वेगाने पावणेसहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. छोट्या हॅचबॅकसाठी मी याचा ढोबळ हिशेब मांडला, तेव्हा दोन्ही वेगांतील पेट्रोलचा फरक सात-आठ लिटरच्या घरात आला. दीड तास वाचवण्यासाठी आठशे रुपये मोजायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. मात्र मधला मार्गही आहे. १०० च्या वेगाने गेल्यास ९० च्या तुलनेत अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ वाचतो आणि खपही फार वाढत नाही. सिमेंटच्या त्या लांबलचक रस्त्यावर उन्हाळ्यात टायर तापतात, हा विचारही वेग ठरवताना करावा.

वेग कोणताही निवडला तरी तो स्थिर ठेवावा. ११० पर्यंत जायचे, ट्रक आडवा आला की ७० वर यायचे, पुन्हा ११० गाठायचे, अशा चालीने सरासरी वेग ९० चाच पडतो आणि पेट्रोल मात्र ११० चे जाते. रस्ता मोकळा आणि सपाट असेल तर क्रूझ कंट्रोल उपयोगी पडतो. चढ-उतारावर तो बंद करून पायाने चालवणे चांगले, कारण वेग जसाच्या तसा राखण्यासाठी तो चढावर हट्टाने पेट्रोल ओततो. संथ जायचे असेल तर उजवी मार्गिका अडवू नये. आणि ट्रकच्या आडोशाला राहून हवेचा विरोध चुकवण्याचा प्रयोग कोणीही करू नये. त्या अंतरावर ट्रकने ब्रेक लावला, तर आपल्याला वेळच मिळत नाही.

गाडीकडून अपेक्षा

टायरमधील हवा कमी असेल तर टायर रस्त्यावर जास्त पसरतो, प्रत्येक फेरीत अधिक दबतो आणि त्या दबण्यात इंधन जाते. पंपावरचा मुलगा ‘किती भरू?’ असे विचारतो आणि आपण सवयीने ‘तीस’ म्हणतो. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर असतो. दोन माणसांसाठी वेगळा आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा. दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, म्हणजे शक्यतो सकाळी जवळच्या पंपावर, त्या आकड्याप्रमाणे हवा भरावी. लांबचा पल्ला मारून आल्यावर तापलेल्या टायरमध्ये काटा जास्त दाखवतो. तो पाहून हवा काढू नये. स्टेपनीही तपासावी.

डिक्कीत महिनोन्‌महिने फिरणारे सामान काढून ठेवावे, पण त्या उत्साहात स्टेपनी आणि जॅक घरी ठेवू नये. छतावरचे कॅरिअर मात्र रिकामे असतानाही हवा अडवते. सहल आटोपली की ते उतरवावे.

एसीबाबत सोपा नियम असा, की शहराच्या वेगात काचा उघड्या ठेवणे स्वस्त पडते आणि ६०-७० च्या पुढे काचा बंद करून एसी लावणे बरे, कारण त्या वेगात उघड्या काचांतून शिरणारा वारा गाडीला मागे खेचतो. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात गाडी चालवणाऱ्याने एसी बंद ठेवून घामाघूम व्हावे, असे मी कधीही म्हणणार नाही. थकलेला चालक सर्वांत महाग पडतो. उन्हात तापलेल्या गाडीची दारे आधी उघडावीत, पहिला एक मिनिट काचा खाली ठेवून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मग काचा बंद करून, आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबून एसी लावावा. गाडी सावलीत उभी करता आली तर निम्मे काम तेथेच होते.

सकाळी गाडी सुरू करून पाच मिनिटे जागेवर तापवण्याची गरज आजच्या इंजिनाला नाही. सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात निघावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवावे. थंड इंजिन जास्त पेट्रोल घेते, म्हणून भाजी, बँक आणि औषधे अशा तीन कामांसाठी तीनदा बाहेर पडण्याऐवजी एका फेरीत ती उरकली तर बरीच बचत होते, आणि किलोमीटरभरावरची भाजी पायी आणता येते. एअर फिल्टर, इंजिन ऑइल आणि व्हील अलाइनमेंट ही कामे पुस्तिकेत दिलेल्या मुदतीप्रमाणे करून घ्यावीत.

एका आठवड्याचा सराव

या सगळ्या सवयी एकदम लावून घेण्याचा प्रयत्न केला तर चार दिवसांत कंटाळा येतो. मी सुरुवात केली ती एकाच गोष्टीपासून. रोजच्या ठरलेल्या रस्त्यावर आपण ब्रेक किती वेळा दाबतो, एवढेच मोजायचे. पहिल्या दिवशी गाडी नेहमीसारखी चालवून मोजावे, म्हणजे खरा आकडा कळेल. चालवताना मनात मोजणे जड जात असेल तर शेजारी बसणाऱ्याला सांगावे. माझ्याकडे हे काम मागच्या सीटवरच्या माझ्या मुलीने आपणहून घेतले आणि ती प्रत्येक ब्रेकला मोठ्याने आकडा म्हणू लागली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ब्रेकनंतर स्वतःला विचारावे, की हे कारण मला किती आधी दिसू शकले असते. जेथे ब्रेक लावणे आवश्यक आहे तेथे तो निःशंकपणे लावावा; कोणी आडवे आले असताना आकडा राखण्याचा विचारही मनात आणू नये. मोजायचे आहेत ते टाळता येण्याजोगे ब्रेक. आठवडा संपला की वहीत त्या टाकीच्या नोंदीसमोर ब्रेकचा आकडा लिहावा आणि पुढची टाकी फुल होईपर्यंत तसेच चालवत राहावे.